१० बाय १२ च्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही घ्यावा की ६५ इंची?

सोफ्यापासून भिंत आठ-नऊ फुटांवर असेल तर ६५ इंची खुशाल घ्या, फोरके (4K, म्हणजे खूप बारकावे दाखवणाऱ्या) चित्राला एवढं अंतर छान पुरतं. पण घरात मुख्यतः केबलवरच्या मालिकाच चालणार असतील तर ५५ बरा. एसडी, म्हणजे कमी स्पष्टतेचे चॅनल मोठ्या पडद्यावर फारच धूसर दिसतात, मग आईबाबा म्हणणार, जुनाच बरा होता.

६५ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. रुंदी साधारण १४४ सेंटीमीटर, उंची ८१. तेवढा चौकोन भिंतीवर मास्किंग टेपने आखा आणि दोन दिवस राहू द्या. टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर तपासा. बऱ्याच मॉडेलांचे पाय अगदी टोकांना असतात आणि जुन्या शोकेसवर ते मावत नाहीत. टीव्हीचं खोकं टीव्हीहून लांब, आणि ते उभंच न्यायचं असतं, आडवं टाकलं तर पॅनल तडकू शकतं. सोसायटीची लिफ्ट आधी मोजा. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर इन्स्टॉलेशनवाल्याला आधीच सांगा, स्क्रूसाठीचे साधे प्लास्टिक प्लग त्यात धरत नाहीत.

दुकानातल्या झगमगाटावर जाऊ नका, तिथे सगळे टीव्ही डेमो मोडवर, म्हणजे मुद्दाम भडक केलेले असतात. समोर बाल्कनी असेल तर चकचकीत पडद्याचा टीव्ही टाळा. दिवसभर न्यूज चॅनल लागत असेल तर ओएलईडी (OLED) प्रकारचा पडदा नको, लोगोचा डाग बसायची भीती असते.

सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. बजेट उरलं तर साउंडबार घ्या, पातळ टीव्हींचा आवाज बहुतेक यथातथाच.