नवी बॅटरी, तरी तिसऱ्या दिवशी धक्का

प्रश्न : गाडी २०१६ची, पेट्रोल. रोज फिरवली तर एका सेल्फमध्ये चालू होते. दोन-तीन दिवस उभी राहिली की नुसतं टक-टक. मग गल्लीतली पोरं धक्का मारतात. सात महिन्यांपूर्वी ३५ एएचची (अँपिअर-तास) नवी बॅटरी टाकली. दिवाळीत भाच्याने मोठ्या स्क्रीनचा टेप बसवला, बाकी काही बदल नाही. गॅरेजवाला म्हणतो बॅटरीच खराब निघाली, बदला. काय करू?
– निवृत्त शिक्षक, पारोळा

उत्तर : गुरुजी, थांबा. बदलायची घाई नको. धुळ्यात अठ्ठावीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. ‘बॅटरी खराब’ म्हणून आलेल्या गाड्यांत बॅटरी निर्दोष निघालेली कितीदा पाहिली. आपल्याकडचा मे महिना बॅटऱ्या खातो हे खरं, पण सात महिने म्हणजे फारच लवकर.

आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो ठीक. (चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासणारे मिस्त्री अजून आहेत. कुणाला करू देऊ नका, गाडीचा कॉम्प्युटर उडतो.)

आता खरी परीक्षा. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, तासाभराने मीटर लावा, १२.६च्या आसपास यायला हवं. मग निगेटिव्हची वायर काढून गाडी दोन रात्री तशीच ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, तेवढं चालवून घ्या. तिसऱ्या सकाळी आकडा जवळपास तोच असला तर बॅटरी चांगली, करंट गाडी खातेय. वायर काढलेली असूनही १२.२ वर उतरला तर बॅटरी दोषी. आणि साडेदहा दिसलं तर एक सेल गेलाच समजा. मग वॉरंटी कार्ड घेऊन सरळ दुकानात जा.

माझा संशय मात्र टेपवर आहे. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, मी तिथेच अडकलो. टेपला पिवळी वायर कायम करंटची, लाल वायर चावीची. घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की चावी काढली तरी टेप जागाच राहतो. ०.३ अँपिअर धरले तरी ४८ तासांत १४ एएच जातात, म्हणजे तुमची बॅटरी निम्मी व्हायला आली. एरवी गाडी झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत खाते.

हे मोजायला मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा मोठा आला तर टेपचा फ्यूज आधी काढा, मग एकेक बाकीचे. ज्याने आकडा पडला, तो चोर.

टेप नाही निघाला तर डिकीचा दिवा बघा. शिरपूरच्या एका गिऱ्हाइकाचा तोच निघाला होता, दार लावलं तरी जळत राहायचा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून मोबाइल आत ठेवला, डिकी लावली, तेव्हा दिसलं. पाच वॅटचा बल्ब दिवसाला दहा एएच पितो.

आणि फ्यूज काढायच्या दिवशी भाच्याला बोलावून घ्या. वायर कुठून कशी नेलीय ते त्यालाच ठाऊक.