वाचक विचारतात : अंबरनाथचे शिवालय पाहायचे कसे?

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोनदा जाऊन आलो. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे पाहून होते आणि ‘कोरीवकाम सुंदर आहे’ यापलीकडे काही लक्षात राहत नाही. आमचे काय चुकते? (गिरगाव)

उत्तर : पाहण्याचा क्रम चुकतो. बहुतेक जण थेट मंडपात शिरतात, गाभाऱ्यात उतरतात, दर्शन घेतात आणि बाहेर येऊन एक फेरी मारतात. या देवळाचे वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे. त्यामुळे दर्शन आधी घेतले तरी चालेल, पण बाहेरच्या भिंतींसाठी वेगळा दीड तास हाताशी ठेवा.

आधी भिंतीपासून पंधरा-वीस पावले लांब उभे राहा आणि मूर्तींकडे न बघता नुसता आकार पाहा. मंडप आणि गाभारा हे दोन चौरस कोपऱ्याला कोपरा भिडवावेत तसे जोडलेले आहेत. त्यामुळे भिंत कुठेच सपाट, लांब अशी दिसत नाही. ती सारखी पुढे येते, मागे जाते. प्रत्येक वळणाला सावलीची एक उभी रेघ पडते आणि तिच्यामुळे काळा बेसाल्ट जड वाटत नाही. ही योजना एकदा कळली की मूर्ती कुठे आणि का बसवल्या आहेत तेही कळू लागते : मधला सर्वांत पुढे आलेला भाग म्हणजे भद्र, टोकाचा कोपरा म्हणजे कर्ण, आणि महत्त्वाच्या देवता बहुधा भद्रावरच्या कोनाड्यात, म्हणजे देवकोष्ठात असतात.

मग भिंतीजवळ जा आणि खालून वर वाचा. तळाशी पीठाचे, म्हणजे देवळाच्या चौथऱ्याचे आडवे थर आहेत. त्यांत कीर्तिमुखांची, म्हणजे सिंहासारख्या उग्र मुखवट्यांची पट्टी आणि हत्तींची रांग ओळखायला सोपी. त्यांच्यावर जंघा, म्हणजे मूर्तींचा मुख्य पट्टा. शिवाची निरनिराळी रूपे, ब्रह्मदेव, देवी आणि सुरसुंदरी, म्हणजे देवलोकीच्या सुंदर स्त्रिया इथे भेटतात. मूर्ती ओळखताना चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, चेहरे पुष्कळ झिजले आहेत. आधी हात मोजा, मग हातांतल्या वस्तू पाहा, मग पायाशी वाहन शोधा. चेहरा गेला असला तरी हंस, नंदी किंवा हातातला त्रिशूळ ओळख पटवून देतो.

शेवटी शिखर. हे देऊळ भूमिज शैलीचे आहे. या शैलीत चारही दिशांना तळापासून वर जाणारा एकेक नक्षीदार पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधली जागा छोट्या छोट्या शिखरिकांच्या रांगांनी भरलेली असते. अंबरनाथचे शिखर मंडपाच्या उंचीच्या थोडे वर जाऊन थांबते, तरी जेवढे उरले आहे तेवढ्यात ही रचना स्पष्ट दिसते. आठपट दाखवणारी साधी दुर्बीण इथे फार उपयोगी पडते. मोबाइलवर चित्र मोठे करून पाहिले की बारकावे विरतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जावे? फोटो सपाट येतात. (डोंबिवली)

उत्तर : उठावाची मूर्ती समोरून पडणाऱ्या उजेडात सपाटच दिसते. तिला बाजूने, तिरका उजेड लागतो. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सकाळी आठ ते साडेनऊपर्यंत गाभाऱ्याची मागची, पूर्वेकडची बाजू उजळते आणि पुढच्या बाजूवर दुपारी चारनंतर ऊन येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात तर भर दुपारीही तो आकाशात साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेची भिंत दिवसभर छान दिसते. उत्तरेची भिंत मात्र त्या दिवसांत सावलीत राहते. तिच्यावर तिरके ऊन हवे असेल तर एप्रिल-मेमध्ये अगदी सकाळी किंवा संध्याकाळी जावे लागेल. मेच्या दुपारी जाऊ नये. सूर्य डोक्यावर असतो, वरच्या थरांची सावली मूर्तींच्या तोंडावर पडते आणि अनवाणी पायांना काळी फरसबंदी सोसवत नाही.

पावसाळ्यात ओला दगड रंगाने सुरेख दिसतो, पण शेवाळ धरते आणि पाय घसरतो. शिवाय देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे, तेव्हा मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी बेत रद्द करा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, श्रावणी सोमवारी रांगा लागतात. भक्तीसाठी ते दिवस योग्यच आहेत. शिल्पे पाहायची असतील तर दुसरा दिवस निवडा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. गाभाऱ्यात उतरता येईल का? (मुलुंड)

उत्तर : मंडपापर्यंत त्या सावकाश जाऊ शकतील. गाभारा मात्र जमिनीच्या पातळीखाली आहे आणि मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते. अभिषेकाचे पाणी, दूध आणि तेल यांमुळे दगड निसरडा होतो आणि उतरण्यापेक्षा चढून येताना गुडघ्यांवर जास्त ताण पडतो. गर्दी नसेल तर एकाने पुढे, एकाने मागे राहून हळूहळू नेता येईल. पायांत मोजे असतील तर ते उतरण्याआधी काढायला लावा, ओल्या दगडावर मोजे घसरतात. उतरणे जमणारे नसेल तर मंडपातूनच नमस्कार करू द्या. त्या बसलेल्या असताना मधल्या चार कोरीव खांबांकडे आणि वरच्या घुमटाकार छताकडे त्यांचे लक्ष वेधा. हे छत कमानीच्या तत्त्वावर बांधलेले नाही. दगडांचे प्रत्येक वर्तुळ खालच्यापेक्षा थोडे आत सरकवत नेले आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर ते लगेच दिसत नाही, डोळ्यांना पाच मिनिटे द्या.

प्रश्न : हे देऊळ हेमाडपंती आहे की पांडवांनी एका रात्रीत बांधले? काही ठिकाणी ८६० साल वाचले, काही ठिकाणी १०६०. (ठाणे)

उत्तर : १०६० बरोबर. उत्तरेच्या दाराच्या वरच्या पट्टीवर, आतल्या अंगाला शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला होता, त्यावरून ८६० साल रूढ झाले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पहिला अंक सात नसून नऊ आहे हे दाखवले. शक ९८२ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन १०६० येते. दोघेही मुंबईत काम करणारे विद्वान. एका अंकाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलले!

बांधणारे उत्तर कोकणचे शिलाहार राजे. छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या काळात पूर्ण झाले. ‘हेमाडपंती’ हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला. म्हणजे या देवळानंतर दोनशे वर्षांनी. चुन्याशिवाय दगड बसवलेले प्रत्येक देऊळ ‘हेमाडपंती’ म्हणण्याची आपल्याकडे सवय पडली आहे, ती सोडायला हवी. पांडवांची कथा मुलांना जरूर सांगा, अपुऱ्या शिखराचे कारण लोकांनी आपल्या परीने त्यात सांगितले आहे. पण तिच्या शेजारी मुम्मुणीचेही नाव सांगा.

प्रश्न : हे मंदिर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे असा संदेश फिरतो. खरे आहे का? (बोरिवली)

उत्तर : नाही. मुंबई परिसरातली त्या यादीतली नावे म्हणजे घारापुरीची लेणी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८). अंबरनाथचे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे आणि प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा त्याला लागू आहे.

प्रश्न : शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. मग चारही बाजू कशा पाहायच्या? (दादर)

उत्तर : सोमसूत्री प्रदक्षिणेत एका बाजूने सोमसूत्रापर्यंत, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीपर्यंत जायचे, ते न ओलांडता मागे फिरायचे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत यायचे. या रीतीने कोणतीच बाजू राहत नाही. उलट प्रत्येक मूर्ती दोनदा दिसते, जाताना एका अंगाने आणि परतताना दुसऱ्या. शिल्प पाहायला याहून चांगली रीत नाही. जाताना फक्त पाहा, टिपणे आणि फोटो परतताना घ्या.

प्रश्न : शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर खडू किंवा पीठ चोळले तर चालेल का? (कल्याण)

उत्तर : अजिबात नको. भुकटी अक्षरांच्या खाचांत आणि दगडाच्या छिद्रांत बसते, ओल धरते, आणि ती काढायला घासले की कडाच झिजतात. छोटी विजेरी पट्टीच्या एका बाजूला, दगडाला जवळजवळ समांतर धरा. खाचांत सावली पडते आणि अक्षरे उठून दिसतात. मूर्तींना तेल, शेंदूर, कुंकू लावणेही टाळा. तेलावर धूळ बसून जो थर होतो तो निघताना नक्षी सोबत नेतो. हातात घेतलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. गाभाऱ्यात मात्र पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

प्रश्न : पश्चिम उपनगरातून लोकलने कसे जावे? (अंधेरी)

उत्तर : दादरला उतरून मध्य रेल्वेची अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली गाडी पकडा. नेहमीची चूक म्हणजे टिटवाळा, आसनगाव किंवा कसाऱ्याच्या गाडीत बसणे. त्या कल्याणनंतर दुसरीकडे वळतात. तसे झाले तर कल्याणला उतरून गाडी बदला. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. पूर्वेला उतरा. देऊळ साधारण दोन किलोमीटरवर आहे, रिक्षावाल्याला ‘प्राचीन शिवमंदिर’ म्हणा. कामाच्या दिवशी सकाळी मुंबईकडून निघालात तर गर्दीच्या उलट दिशेने जाता आणि बसायला जागा मिळते. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहा.

प्रश्न : शिखर पूर्ण असते तर कसे दिसले असते? (विलेपार्ले)

उत्तर : त्यासाठी सिन्नरचे गोंदेश्वर पाहा, नाशिकपासून साधारण तीस किलोमीटर. यादवकाळातले हे पंचायतन आहे : मधोमध शिवालय आणि भोवती सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची चार छोटी देवळे. शैली भूमिजच. तिथले मुख्य शिखर उभे आहे, त्यामुळे लतांचे पट्टे कळसाकडे कसे निमुळते होतात आणि शिखरिकांच्या रांगा वर जाताना कशा लहान होत जातात ते नजरेने मोजता येते. अंबरनाथच्या शिखराचा फोटो सोबत न्या आणि तिथे तो धरून पाहा.