पावसाळ्यात दम्याचं मूल: आधी भिंतीकडे बघा

ताई, मुलाला दमा आहे आणि ठाण्यात घोडबंदरच्या ओल येणाऱ्या फ्लॅटमध्ये राहताय म्हणजे औषधाइतकंच लक्ष भिंतीकडे द्यावं लागणार. कपाट वीतभर पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारून बघा. काळे-हिरवट ठिपके दिसले तर ती दमा भडकवणारी बुरशी. पुसून वर रंग मारण्यात अर्थ नाही. गळती बंद होईपर्यंत ती परत येतेच. सोसायटीच्या मागे लागून बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, भांडण झालं तरी चालेल! साफसफाई चालू असताना मुलाला तिथे थांबवू नका. त्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. घरातली आर्द्रता 50 टक्क्यांखाली हवी म्हणतात. जुलैत आपल्याकडे ते कठीणच, पण एसीचा ड्राय मोड बराच उपयोगी पडतो. जाळी मात्र नियमित धुवा.

पाऊस ओसरला की गवताचे परागकण त्रास देतात. येऊरच्या जंगलातून फिरून आलात की लगेच अंघोळ, कपडे बदला.

खोकला थांबला म्हणून रोजचा पंप (दमा आटोक्यात ठेवणारा इनहेलर) परस्पर बंद करू नका. ‘सवय लागते’ असं शेजारी सांगतील, सांगू देत. एका वेळी एकच फवारा, स्पेसरमधूनच (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी), नंतर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर स्थिर वीज तयार होऊन औषध प्लास्टिकलाच चिकटतं.

तातडीचा पंप (धाप लागली की लगेच आराम देणारा) आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागू लागला तर डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा बोलताना धाप लागत असेल, तर तातडीचा पंप देत थेट हॉस्पिटल गाठा.