प्रेक्षकांचे मोबाईल कार्यक्रमात वाद्य म्हणून वाजवता येतात का?

तुम्ही विचारलंय, की कॉलेजच्या स्नेहसंमेलनात 300 जणांच्या मोबाईलवर एकदम ठेका वाजवायचा आहे, त्यासाठी अ‍ॅप करून घ्यावं का. मी कोल्हापुरात साउंडचं काम करतो आणि हा प्रयोग दोनदा केलाय. अ‍ॅप नको आणि ठेकाही नको. मोबाईलवर तंबोरा वाजवा.

पहिल्या वेळी आम्हीही ठेकाच, म्हणजे केरवा हा आठ मात्रांचा ताल घेतला होता. राजारामपुरीतलं छोटं सभागृह, सव्वाशे श्रोते. लॅपटॉपवरून सगळ्या फोनांना एकाच क्षणी इशारा जात होता, पण 'धा' कुठं एकदम पडतोय! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट झाला. तबलजींनी दोन आवर्तनांतच हात उचलला. इशारा मिळाल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंत प्रत्येक फोन वेगळा वेळ घेतो, आणि घरगुती राउटरवर सव्वाशे फोन आले की तो गुदमरतो. हे सगळं सुधारलं तरी हवा राहतेच. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 20 मीटरवरच्या मागच्या रांगेतला फोन स्टेजवर जवळपास 60 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर हा पाव मात्रेचा घोळ झाला.

तंबोऱ्याला ही अडचणच नाही. कुणाची तार आधी छेडली गेली, कुणाची नंतर, यानं काही बिघडत नाही. उलट तारा एकमेकींवर सांडल्या की तो भरून येतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जवारीची, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेल्या झणकाराची आहे. फोनचा इवलासा स्पीकर खर्ज, म्हणजे खालचा सा, काढूच शकत नाही. काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली तर) खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास येतो आणि फोन तीन-चारशेच्या खाली जवळजवळ मुका असतो. पण जवारीमुळं तंबोऱ्याच्या आवाजात वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे उंच स्वर, भरपूर असतात. तेवढे कानावर पडले की खालचा मूळ स्वर आपला मेंदूच भरून काढतो. तबल्याच्या बायाँचं, म्हणजे डग्ग्याचं, असं होत नाही, तो फोनवर नुसता टपटप वाजतो.

ही कल्पना काही नवी नाही. सप्टेंबर 2001 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला, आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात, गोलन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 प्रेक्षकांचे फोन वाजवले होते. आधी प्रत्येकाचा नंबर नोंदवून ठरलेली खुर्ची दिली, फोनमध्ये नव्या रिंगटोन घातल्या आणि कलाकार स्टेजवरून ते फोन लावत होते. खुर्ची ठरवण्याची युक्ती आम्ही तिथूनच उचलली.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक खुर्चीवर क्यूआर कोड चिकटवला. तो एक साधं वेबपान उघडतो, त्यात त्या खुर्चीची एकच तार: पंचम, जोड (मधल्या षड्जाची) किंवा खर्ज. राग मालकंस असेल तर पंचमाच्या जागी मध्यम लावा, मारव्याला निषाद. हे विसरलात तर गाणारा तुम्हाला माफ करणार नाही. सगळे फोन तंतोतंत एका सुरात वाजले की आवाज निर्जीव वाटतो, म्हणून आम्ही फोनागणिक एक-दोन सेंटचा फरक ठेवला. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. स्टेजवरचा खरा तंबोरा मात्र फोनच्या षड्जाला मिळवून घ्या.

आवाज पानासोबतच फोनमध्ये उतरला पाहिजे, म्हणजे पुढं नेट गेलं तरी चालतं. लोक येतील तसं दारातच हे उरकून घ्या, ऐन वेळी नको. मग सगळ्यांना विमान मोड लावायला सांगा, नाहीतर मधेच कुणाच्या तरी घरून फोन येतो. ब्राउझर स्क्रीनवर बोट लागल्याशिवाय आवाज काढत नाही, म्हणून 'सुरू करा' असं मोठं बटण हवंच. आयफोनवाल्यांना सायलेंट काढायला सांगा. स्क्रीन बंद होऊ न देण्याची सोयही त्या पानात करून घ्या. आमच्याकडं ती राहिली होती आणि अर्धा हॉल मिनिटाभरात गप्प झाला.

आवाजाबद्दल फार मोठी अपेक्षा ठेवू नका. शंभर फोन म्हणजे एका फोनपेक्षा 20 डेसिबल जास्त, कानाला साधारण चौपट. गायकाचा माइक आणि मॉनिटर (गायकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) यांचा आवाज त्या मानानं खालीच ठेवा. इथं साउंडवाल्याचा हात आपोआप वर जातो, माझाही गेला होता.

शेवट कसा करायचा हे आधी ठरवा. आम्ही भैरवीनंतर मागच्या रांगेपासून एकेक रांग बंद करायला सांगितली, स्वयंसेवक हात वर करून खुणावत होते. आवाज अंगावरून पुढं सरकत गेला आणि शेवटी स्टेजवरचा एकच तंबोरा उरला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आपला फोन बंदच केला नाही, गायिकेनंही त्यांना खुणावलं नाही.