भुतांच्या पार्टीचा पंच : घंगाळ, धूर आणि निळा पंजा

प्रश्न : आमच्या कॉलनीत ३१ ऑक्टोबरला मुलांची हॅलोविन पार्टी असून पंचवीसएक मुलांसाठी फळांचा पंच करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजेसासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळात पंच ओतून त्यात ड्राय आइस टाकावा, म्हणजे चेटकिणीच्या कढईसारखा धूर निघेल, असा मुलांचा आग्रह आहे. हे चालेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : घंगाळ जरूर मांडा, पण पंच थेट त्यात ओतू नका. आंबट रसात तांबे उतरते आणि त्यामुळे मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई केलेली असली, तरी जुन्या भांड्यात ती कुठे ना कुठे उडालेली असण्याची शक्यता असते. घंगाळात बसेल असे स्टीलचे पातेले आत ठेवा आणि मधल्या फटीत बर्फाचा चुरा भरा, म्हणजे आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यातही पंच गार राहील.

ड्राय आइस मात्र मुलांच्या पेयात मुळीच नको. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी समजून ड्राय आइस तोंडात टाकणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या आणि रुग्णालयात न्यावे लागले. अंधारात, गडबडीत एखादा खडा पेल्यात गेला, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

धुराऐवजी मी बर्फाचा निळा पंजा सुचवेन, आणि माझ्या मते तो अधिक भीतिदायक दिसतो. कुंपणावरच्या गोकर्णीची, कीटकनाशक न फवारलेली वीस-पंचवीस निळी फुले धुऊन अर्धा लिटर गरम पाण्यात घाला. पाणी गडद निळे झाले की गाळून थंड करा. खाद्यपदार्थांसाठीचा, आत पावडर नसलेला हातमोजा धुऊन त्यात हे पाणी भरा. बर्फ होताना पाणी फुगते, म्हणून मोजा तट्ट भरू नये. तोंड बांधून तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. काढताना मोजा ओढू नका, नाहीतर बोटे तुटतील. क्षणभर कोमट पाण्यात बुडवून कात्रीने कापा.

हा पंजा फिकट पिवळ्या पंचमध्ये तरंगू लागला, की वितळणाऱ्या बोटांभोवती जांभळट रंग पसरतो, कारण गोकर्णीचा निळा रंग आम्लात जांभळा होतो. म्हणूनच पंचचा पाया मोसंबीचा ठेवा. जळगाव जिल्ह्यात तिचा तोटा नाही. सहा-सात किलो मोसंबीचा सुमारे अडीच लिटर रस, एक लिटर पाण्यात विरघळवलेली तीनशे ग्रॅम साखर, सात-आठ लिंबांचा रस, चिमूटभर मीठ आणि अगदी शेवटी दीड लिटर गार सोडा, एवढ्यात पंचवीस पेले होतात. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, त्यामुळे तो पाहुणे येण्याच्या थोडा आधीच काढावा.

वरून रक्ताच्या थेंबांसारखे डाळिंबाचे दाणे आणि वीस मिनिटे भिजवलेला सब्जा घाला. फुगलेला सब्जा बेडकाच्या डोळ्यांसारखा दिसतो. अगदी लहान मुलांच्या पेल्यात मात्र डाळिंबाचे दाणे घालू नका. केळी पंचमध्ये घातली तर काळी पडतात आणि तो दाटही होतो; तेव्हा ती अर्धी कापून, लिंबाचा रस लावून, बेदाण्याचे डोळे बसवून बाजूच्या ताटात भुते म्हणून उभी करा.