‘नरगिले’? अहो, तो आपला नारळ!

प्रश्न असा आलाय : ‘दिवाणखान्यात मांडायला जुन्या हुक्क्यांचे तळ हल्ली “नरगिले वाज” (वाज म्हणजे फुलदाणी) म्हणून विकतात. हे नर्गिसच्या फुलांसाठीचं भांडं का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?’

फुलाबिलाचा काडीचा संबंध नाही. हे नर्गिस-प्रकरण ऐकून ऐकून कान किटले.

संस्कृत ‘नारिकेल’, फारसीत ‘नारगील’. करवंटीत पाणी भरून त्यातून धूर ओढायचा, म्हणून त्या साधनाचं नावही नारळावरूनच पडलं. पुढे ते तुर्कस्तानात पोचलं, लेबनॉनमध्ये तर सुरुवातीचा ‘न’ गळून ‘अर्गिले’ झालं. देवापुढे फोडतो तो नारळ भूमध्य समुद्राचं पाणी पिऊन परत आला, आणि आपण त्यालाच विचारतोय, ‘कुठले आपण?’

‘हुक्का’ हुक्-हुक् आवाजावरून आला असं एक कोशप्रेमी दरवेळी ठासून सांगतात. आवाजावरून आली ती गुडगुडी! हुक्का अरबी, मूळ अर्थ डबी, लहानसं भांडं. हुक्क्याचं आणखी एक नाव ‘शीशा’, म्हणजे फारसीत काच. औषधाची शिशी तिची बहीण. शिसं या धातूला त्या घरात सोयरीक नाही. आता बघा : नारळ, डबी, काच. तिन्ही नावं भांड्याचीच, धुराचा कुठे वासही नाही! त्यात फुलं ठेवणारे शब्दाशी अजिबात बेइमानी करत नाहीत.

आता माझा लाडका तर्क. सतराव्या शतकातला बिदरी, म्हणजे बीदरच्या कारागिरीचा, हुक्क्याचा तळ जवळून बघा. काळंभोर जस्त, त्यावर चांदीची नाजूक वेल, आणि आकार गोल गरगरीत. जमिनीवर नुसता ठेवला तर घरंगळेल, म्हणून खाली चुंबळीसारखं कडं लागायचं. सपाट बैठकीचे, घंटेच्या आकाराचे तळ रुळले ते अठराव्या शतकात. धातू ओतूनच घडवायचा तर कारागिरानं आधी असा लोळणारा आकार का धरला? करवंटीची सवय, दुसरं काय! तर्क बिनबुडाचा आहे असं कुणी म्हणेल. भांडंही बिनबुडाचंच आहे.

‘अकबराचे हकीम अबुल फतह गिलानी यांनी हुक्का शोधला’ हे वाक्य विक्रेते वस्तूबरोबर फुकट देतात. जाणकारही ते मान डोलवत पुढे ढकलतात, याचा जास्त राग येतो. हकीमसाहेब वारले १५८९ साली. बादशहाचा दूत असद बेग यानं विजापुराहून तंबाखू आणून अकबरापुढे ठेवली ती १६०४च्या सुमारास. मग हकीमसाहेबांनी चिलमीत भरलं काय? असद बेगनं सोबत रत्नजडित नळी नेली होती, तीही चांदीच्या तबकात मांडून. म्हणजे मिरवण्याची हौस पहिल्या झुरक्याआधीची!

हां, मराठीत काय म्हणावं ते राहिलंच. हुक्क्याचं भांडं म्हणा, गुडगुडीचं म्हणा. ‘नारगिले’च म्हणायचं असेल तर निदान ‘ना’ दीर्घ ठेवा.