सही तर आईचीच लागणार ना

आधी एका वाचक मुलीचं पत्र. थोडं कापलंय, बाकी तिचंच आहे.

"मावशी, विषय वाचून हसाल. डिसेंबरात गुहागरला गेलो होतो, येताना महाड सोडल्यावर माणगावच्या आधी चहाला थांबलो. गाडी हॉटेलबाहेर नीट बाजूला लावलेली. मिसळ समोर आली आणि बाहेर धाडकन आवाज. टेम्पोने मागून ठोकली, ती पुढे भिंतीवर जाऊन आदळली. आत कोणी नव्हतं. बाबांची मारुती 800, पांढरी, 2003 ची. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. टेम्पोवाल्याने हातापाया पडून पंधरा हजार दिले, ह्यांनी घेतले, गाडी एका गॅरेजमागे टाकली आणि आम्ही एसटीने पुण्याला आलो. कप्प्यातली बाबांची पेट्रोलची वही पण आतच राहिली. आता गॅरेजवाला म्हणतो सोळा हजारात भंगारवाला न्यायला तयार आहे, लवकर सांगा. सगळे म्हणतात जीव वाचला, डबडं गेलं, पेढे वाट. मी रात्री उठून रडते. दुरुस्त करून घेऊ का? आईला सांगितलंय की रिपेअरला टाकलीये. बाबांनंतर गाडी आईच्या नावावर केली होती म्हणून कागदावर तिची सही लागते, हे म्हणतात बँकेच्या कागदांबरोबर घेऊन टाकू, कळणारही नाही. ती चौऱ्याहत्तरची आहे, बीपी आहे. तिला एसटी लागते, रिक्षा लागते, ह्या एका गाडीत कधी लागली नाही. मला वेड लागलंय का?"

अगं नाही लागलं वेड. हसले पण नाही. माझी लुना होती, लग्नाआधी माझ्या पगारातून घेतलेली, मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि तीन महिन्यांनी परत आले तर अंगणात लुना नाही, सासऱ्यांनी विकून टाकलेली, "आता लेकरू घेऊन तू काय लुना चालवणार". तेव्हा मी एक शब्द बोलले नाही आणि आज चाळीस वर्षांनी तुझं पत्र वाचताना मला तिच्या हँडलला बांधलेली लाल दोरी आठवली. मग बोल, वेडी कोण.

आणि ते "डबडं" म्हणणाऱ्यांना सांग की 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली एका गिऱ्हाईकाच्या हातात दिली, तिथपासून 2014 च्या जानेवारीत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तीस वर्षं आपल्यासारख्या घरांची पहिली गाडी म्हणजे हीच. दसऱ्याला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि गाडी आणली त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवून ते फुटल्यावर टाळ्या वाजवणारी अख्खी गल्ली. तुझ्या बाबांनी वीस वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा किती पीएफ काढला असेल हे तुला माहीत असेल, मला नाही, पण घरात कोणीतरी त्या वर्षी नवीन कपडे घेतले नसणार एवढं मी पैजेवर सांगते.

आता दुरुस्ती. माझा भाचा गॅरेज चालवतो, त्याला विचारलं. इंजिनाची काळजी नको म्हणाला, ते 796 सीसीचं तीन सिलिंडरवालं घराणं ओम्नीत चाललं, अल्टोत चाललं, पार्ट मिळतात. पण ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. मागून ठोकून पुढे भिंतीवर दाबली गेली म्हणजे दोन्हीकडून चेपली, फ्लोअर आणि पिलर वाकले असतील तर ठोकून रंग मारून दिसायला सरळ होईल पण चालताना एका बाजूला ओढत राहणार, आणि वीस वर्षांच्या पत्र्याला आतून गंज किती ते कापल्याशिवाय कळत नाही. त्याचं वाक्य होतं, "मावशी, मी पैसे घेईन, पण त्यात माझ्या आईला बसवणार नाही." ह्यावर मी काय बोलणार. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि आता सांगाडाही गेला. नको करूस दुरुस्त. हे मी तुला स्पष्ट सांगते कारण मनातून तुलाही माहितीये, तू फक्त कोणीतरी वेगळ्या तोंडाने सांगायची वाट बघतेयस.

पैशाचं थोडक्यात. एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक लोक नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरताच इन्शुरन्स ठेवतात, तुमचाही तसाच असेल तर तुमच्या कंपनीकडून काही मिळणार नाही. टेम्पोच्या थर्ड पार्टीतून भरपाई मागता येते, त्यासाठी पोलिसात नोंद, पंचनामा आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तुमच्याकडे पंधरा हजारात मिटलंय. त्यावरून नवऱ्याशी भांडू नकोस, रस्त्यात उभं राहून सुचतं ते माणूस करतो. इतर वाचणाऱ्यांनी मात्र आधी 112 ला फोन करा आणि मग हातापाया पडू द्या.

भंगारवाल्याला गाडी देताना तो 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या मागेल, देऊ नका. ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म आहेत, कोरे सही केलेले कुठेही फिरतात आणि उद्या तुमच्या एमएच बाराची प्लेट लावून कुठलीतरी भलतीच गाडी फिरली तर पोलीस तुमच्या आईच्या दारात येतील. सरकारमान्य स्क्रॅप सेंटरलाच द्या, 2021 च्या नियमांपासून ते सर्टिफिकेट देतात, पुढे नवीन गाडी घेताना टॅक्समध्ये सवलतही मिळते. आणि आरटीओत आरसी रद्द करून घ्या. खरं तर गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवायचं असतं, तुमचा महिना होऊन गेलाय, तेव्हा आता तरी उठा. दंडाची जुनी चलनं भरायची राहिलीत का तेही बघा.

आणि ह्या सगळ्याला सही आईची लागते. इथे मी तुझ्यावर चिडलेय.

तुझं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात "बाबांची गाडी" अकरा वेळा आहे, मी पेन्सिलीने खुणा केल्यात. बाबांनंतर ती गाडी आईची झाली, तिच्या नावाने पासिंग झालं, सहा वर्षं तिच्या नावाने इन्शुरन्स भरला गेला, आणि तुझ्या पत्रात ती फक्त कुठे सही करायची ते न कळणारी म्हातारी म्हणून येते. जावई बँकेच्या कागदात कागद सरकवणार आणि मुलगी बाजूला उभी राहून बघणार. चांगल्या मनाने करताय, कबूल. माझ्या सासऱ्यांनीही चांगल्या मनानेच लुना विकली होती.

तिला कळणार नाही ह्या भ्रमात तर राहूच नका. महिनाभर मारुती 800 कुठल्या गॅरेजमध्ये पडून राहते गं? ह्या बाईने बाबांबरोबर वर्षानुवर्षं त्या गाडीची सर्व्हिसिंग बघितलीये, संध्याकाळी टाकली की दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी घरी. तिला बऱ्यापैकी अंदाज आलेला असणार आणि तुम्हीच विषय काढाल म्हणून ती गप्प असेल. चहाच्या वेळी शेजारी बसून सरळ सांग, आई, गाडी गेली, आम्ही सगळे बाहेर होतो, कोणाला खरचटलं पण नाही, आणि मी तुझ्याशी महिनाभर खोटं बोलले. बीपीची गोळी आधी दे, म्हणजे तुझं समाधान. सांगितल्यावर तू रडलीस तर रड, एकटीने रात्री उठून रडण्यापेक्षा तिच्यासमोर रड, तिलाही मग रडायला कोणीतरी मिळेल.

मग माणगावला जा. हे मात्र ऐकच माझं. तुला झोप येत नाहीये त्यात गाडी गेल्याचं जेवढं आहे तेवढंच ती तशी टाकून आल्याचं पण आहे असं मला वाटतं, मिसळ अर्धी टाकून उठलात, गडबडीत बॅगा काढल्या आणि एसटी पकडली, तिच्याकडे नीट बघितलं पण नाहीत. तर आता दिवसाउजेडी जा, पावसात नाही, उन्हात नाही, सकाळी. आईला विचार येतेस का. नाही म्हणाली तर जबरदस्ती नको. सीटखाली हात घालून बघ, चिल्लर, हेअरपिना, एखादं जुनं टोलचं तिकीट असं काहीबाही निघतं. डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पाच मिनिटं धर, आख्खा निघतो, नखाने खरवडू नकोस.

वही सगळ्यात आधी घे. अशी वही आमच्या दिरांची होती. तारीख, लिटर, भाव, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज, लाल पेनने. दिर गेल्यावर आम्ही ती उघडली तर मध्येच एका ओळीत ॲव्हरेज लिहिलंच नव्हतं, त्या जागी "ताई सासरी" एवढंच. मुलीला सोडायला गेले होते ना त्या दिवशी, तेव्हा पेट्रोल भरलेलं. तुझ्या बाबांच्या वहीत काय आहे मला माहीत नाही, नुसते आकडेही असतील, पण ती वही एकटी वाचत बसू नकोस, आईला मोठ्याने वाचून दाखव. कुठल्या तारखेला कुठे गेलो होतो ते ती सांगेल.

नंबर प्लेटचं मन धरू नकोस, ती गाडीबरोबर जमा करावी लागते. पण नवीन एचएसआरपी, ती हाय सिक्युरिटीवाली प्लेट, बसवली तेव्हा जुनी पेंटरकडून रंगवलेली काढली असेल ना, ती कुठेय? माळ्यावर बघ. किंवा आईलाच विचार, मला वाटतं तिने ठेवली असणार.

जाताना एसटीनेच जावं लागेल तुम्हाला. ताम्हिणीची वळणं आहेत, आईला पुढची खिडकीची सीट घे, निघताना पोटभर खाऊ देऊ नकोस, आणि आवळासुपारी किंवा लिंबाच्या गोळ्या पर्समध्ये ठेव.